वाडा पाडताना कोरीव दरवाजा आणि खांब विकावेत की संग्रहालयाला द्यावेत?

जुन्या नाशकातला तुमचा वाडा उतरवायचाय आणि कोरीव दरवाजा, सुरूच्या झाडासारख्या घाटाचे खांब घ्यायला एक व्यापारी मागे लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं: आधी संग्रहालयाला विचारा. आणि त्याच्याही आधी एक काम करा, ते खाली सांगतो.

आमचा वाडा सराफ बाजाराजवळ होता. तो उतरवला तेव्हा मी कॉलेजात होतो. सागवान होतं, भाव बरा आला. तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, अंगणात पडून होते, तेही कोणीतरी नेले. दिंडी दरवाजाशेजारच्या खांबावर आजोबांनी १९६९च्या पुराची रेघ खिळ्याने कोरली होती, माझ्या खांद्याच्याही वर. आता तो खांब कुठल्यातरी हॉटेलात उभा असेल आणि ती रेघ पॉलिशखाली गेली असेल. ती रेघ कशाची हे सांगणारं तिथे कोणी नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल जरूर बघा. कोथरूडच्या मूळ महालाचे उरलेले भाग दिनकर केळकरांनी आणून तिथे उभे केले. पुढे १९७५ मध्ये सगळा संग्रहच राज्य सरकारला दिला. तिथे आपण खोलीत शिरतो. खांब, महिरपी, वरचं लाकूडकाम एकमेकांच्या नात्यात दिसतं, म्हणून ते कळतं. याउलट मदुराईच्या एका मंडपाचे कोरीव दगड १९१२ मध्ये ढिगात पडलेले होते. ते एका अमेरिकन बाईंनी विकत घेतले आणि आज त्यांचा मंडप फिलाडेल्फियात उभा आहे. वाचले याचा आनंदच आहे. पण आपल्या जागेपासून किती लांब गेले!

तर ते काम. एकही खुंटी काढण्याआधी सगळ्याचे फोटो घ्या, आधी पूर्ण चौकाचे, मग जवळून. प्रत्येक खांब, तुळई, हस्त (तुळईखालचा कोरीव आधार), केळफूल (केळफुलाच्या आकाराचं लोंबतं कोरीवकाम) यांच्यावर मागच्या बाजूला खडूने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक कागदावरच्या नकाशात लिहा. गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी), चौकट आणि उंबरा एकत्रच ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठे काय होतं ते विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. संग्रहालयवाल्यांना लाकडापेक्षा याच माहितीचा उपयोग जास्त होतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तूही येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. त्या व्यापाऱ्याकडे परवाना बघायला मागा.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला सरकारवाडा तुमच्या जवळच आहे. फोटो आणि नकाशा घेऊन तिथे जा, पण लाकूड उतरायच्या आधी.