खोडलेला शब्द

प्रिय मित्रा,

तुझ्या निबंधाचं चौथं पान समोर आहे. ‘ईश्वर’ असं लिहून तू खोडलंस आणि वर बारीक अक्षरात ‘नैतिक जाणीव’ घातलंस. राजकीय तत्त्वज्ञान शिकायचं तर श्रद्धा सोडावी लागेल का, असं पत्रात विचारतोस. अरे, प्रश्नच चुकीचा आहे. तुझी श्रद्धा कोणाला बांधते, हे विचार. माझी मला बांधते, दुसऱ्याला नाही. तीस वर्षं मी हेच सांगत आलोय.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक वाच, पण सारांशावर भागवू नकोस. १६८९च्या सहिष्णुतेवरच्या पत्रात तो म्हणतो की सक्तीने फार तर वागणं बदलेल, विश्वास बदलणार नाही; आणि मनात नसलेला विश्वास देवालाही नको असतो. श्रद्धेच्या पोटातूनच निघालेला युक्तिवाद आहे हा. पण त्याच पत्रात तो नास्तिकांना वगळतो, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर त्याचा भरवसा नाही. तिथे त्याचा पाय घसरला. जे त्याला स्वतःला बांधत होतं, ती त्याने दुसऱ्यासाठी अट केली.

त्याच्या अर्धशतक आधी रॉजर विल्यम्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला त्याच्या मतांपायी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतून हद्दपार केलं होतं. श्रद्धेचा मोठा कडवा माणूस. १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथल्या करारात बहुमताचा हुकूम ‘फक्त नागरी बाबतींत’ पाळायचा ठरला. १६४४ साली त्याने लिहिलं की ज्यू, मुसलमान, मूर्तिपूजक, सगळ्यांना आपापल्या विवेकाने पूजा करू द्यावी. त्यासाठी त्याने स्वतःची श्रद्धा तसूभरही पातळ केली नाही. बांधलं ते फक्त स्वतःला.

तुझ्या वयाचा असताना एका अभ्यासमंडळात गरिबीवर चर्चा चालली होती. एका मैत्रिणीच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी धर्मग्रंथातलं वचन तोंडावर फेकलं. ती माझा धर्म मानत नव्हती. मला उत्तर द्यायचं तर तिला माझ्या देवाशीच भांडावं लागलं असतं. तिने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि पुन्हा कधी आली नाही. त्या शरमेने मी दुसऱ्या टोकाला गेलो. पहाटे प्रार्थना करायचो आणि व्याख्यानात मात्र कशावरच विश्वास नसल्यासारखं बोलायचो. पंधरा वर्षं. लोक मला दुटप्पी म्हणाले. ते मी आजही मानत नाही. लपवण्याचा हेतू नव्हता, धास्ती होती. पुन्हा कोणाचं तोंड माझ्यामुळे बंद होऊ नये एवढंच मनात होतं. पण तुझ्यासारखीच खाडाखोड मीही केली, हे खरं.

आणि जॉन रॉल्स या विसाव्या शतकातल्या अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञाचा दाखला देऊन खोडतोस, हे तर अजिबात चालणार नाही! १९४२चा त्याचा पदवीचा प्रबंध पाप आणि श्रद्धा यांवरच होता. युद्धात त्याची श्रद्धा गेली, तरी १९९७ साली त्याने स्पष्ट लिहिलं की धार्मिक कारणं सार्वजनिक चर्चेत खुशाल आणा. फक्त यथावकाश, तुमचा धर्म न मानणाऱ्यालाही तपासता येतील अशी कारणं द्या. ही अट जड आहे, माहीत आहे मला. कायद्यामागे दंडुका असतो, म्हणून ती जड असायलाच हवी. तुझी श्रद्धा तुला बांधते. दंडुका मात्र सगळ्यांच्या पाठीत बसतो.

तर चौथं पान पुन्हा लिही. ‘ईश्वर’ जिथे होता तिथे परत घाल. त्याखाली, तो शब्द न मानणारं माणूस समोर बसलंय असं धरून, तुझा मुद्दा पहिल्यापासून मांड. मांडता आला नाही तर त्या मुद्द्यावर उभी केलेली कायद्याची मागणी काढून टाक, शब्द राहू दे. आणि पाठवशील तेव्हा हे खोडलेलं पानही सोबत जोड.

तुझा,
सर