भारतात जंगलातलं लाकूड वाहण्यासाठी वेगळी रेल्वे कंपनी होती का?

रेल्वे होती, पण कंपनी नव्हे; कोचीन संस्थानाच्या मालकीची. तिचं नाव कोचीन स्टेट फॉरेस्ट ट्रामवे. केरळातल्या परंबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर मीटरगेज, १९०७ ते १९६३. साग-शिसवीचे ओंडके चालकुडीला आले की पुढे मोठ्या रेल्वेने जायचे. सपाटीवर वाफेची इंजिनं, पण खरी गंमत घाटातल्या उतारांवर. तिथे इंजिनच नाही! तारदोराच्या एका टोकाला लाकडाने भरलेली वाघीण, दुसऱ्याला रिकामी. भरलेली आपल्याच वजनाने खाली उतरताना रिकामीला वर ओढायची, दोन पोहऱ्यांच्या रहाटासारखं. माणसाकडे काम उरायचं ते ब्रेकचं. अर्थात ही युक्ती चालायची, कारण माल कायम वरून खालीच यायचा.