लहानपणीची प्लॅस्टिकची विमानं पुन्हा जोडायची आहेत; काय आणू, आणि आपल्याकडच्या उन्हात ती जमतील का?

तुम्ही परभणीचे. लहानपणी खोक्यातली विमानं जोडायचात, पण कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर, गोंदाचे ठसे उमटायचे आणि पाठीवरची फट काही केल्या बुजायची नाही, असं लिहिलंय. आता दहा वर्षांच्या लेकीला सोबत घेऊन पुन्हा सुरू करायचंय. नक्की करा. आणि ते ठसे, ती फट यात तुमच्या हाताचा दोष फार थोडा होता, हे आधी मनात धरा. तेव्हा ट्यूबमधला घट्ट गोंद मिळायचा. ट्यूब उचलली की कोळ्याच्या जाळ्यासारखी तार सुटायची, ती काचेवर पडायची, पुसायला गेलं की बोटाचा ठसा कायमचा. गोंद बदला, निम्मी विद्या तिथेच आली.

ही किट पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकची असतात. त्यांचा खरा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव करतो. या गोंदाला ‘सिमेंट’ म्हणतात, पाण्यासारखा पातळ सिमेंट घ्या. टामिया कंपनीचा ‘एक्स्ट्रा थिन’ हिरव्या झाकणाच्या ४० मिलीच्या बाटलीत येतो, झाकणातच बारीक ब्रश असतो. एका बाटलीत कितीतरी विमानं होतात. वापरायची रीत ट्यूबच्या उलटी आहे: आधी दोन्ही भाग कोरडेच जुळवून बोटांनी धरायचे, मग सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. गोंद फटीतून आपोआप पळत जातो. जिथे बोट सांध्यावर असेल तिथे मात्र टेकवू नका, तो बोटाखाली ओढला जातो आणि ठसा उमटतो.

फट बुजवण्याची मेख इथेच आहे. गोंद लावल्यावर दहाएक सेकंद थांबा आणि दोन्ही भाग हळूच दाबा. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकची केसाएवढी वळी वर येईल. ती पुसू नका, तीच फट भरते. चोवीस तास हात लावायचा नाही. मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून ती वळी घासा, वरून १००० नंबर फिरवा. घाई करून त्याच दिवशी घासलं तर त्या दिवशी सुरेख दिसतं, पण आतला द्रव पुढे हळूहळू उडतो, प्लॅस्टिक आकसतं आणि आठवडाभरात रंगाखालून सांध्याची रेघ पुन्हा वर येते. लहानपणी फट ‘परत यायची’ ती यामुळेच.

मोठी फट असेल, बहुतेक पंखाच्या मुळाशी असते, तर भाग कापून उरलेल्या चौकटीचे तुकडे करून थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवा. सायीसारखी लापशी होते, ती भरा. गाडीच्या डेंटिंगची पुट्टीही चालते, पण पातळ थरांत. जाड थर आकसून भेगाळतो. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर मात्र विमानाच्या जवळसुद्धा आणू नका. प्लॅस्टिकवर जाळी पडते, ती दुरुस्त होत नाही.

कॅनोपीला हा सिमेंट नको आणि फेविक्विक तर मुळीच नको. फेविक्विकच्या वाफेनं काच आतून पांढरी धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकनं कडेला लावा. वाळला की पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या कपड्यानं निघतो.

पहिलं विमान १/७२ प्रमाणात घ्या. या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, लेकीला हे सांगितलं की पुढची सगळी मापं ती स्वतःच काढेल. एअरफिक्सचं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, सोपं आहे, पंखांचा विस्तार सुमारे १५६ मिमी, तळहातावर मावतं. याच कंपनीचं पहिलं स्पिटफायर १९५०च्या दशकात आलं होतं. आता मिळतं ते नव्या साच्यातलं, भाग नीट बसतात. त्यांच्या स्टार्टर सेटमध्ये गोंद, ब्रश आणि लागणारे रंग असतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात हे सहसा मिळत नाही, मुंबई-पुण्याच्या हॉबीच्या दुकानांतून ऑनलाइन मागवावं लागतं.

आपल्या वायुदलाचं विमान हवं असेल तर मिग-२१ घ्या, पण दुसरं म्हणून. २६ सप्टेंबर २०२५ ला ते निवृत्त झालं, त्यामुळे मुलांना नाव माहीत असतं. १/७२ मध्ये पंख जेमतेम ९९ मिमी. चंदेरी मिग पहिल्या फटक्यात करू नका. चंदेरी रंग घासल्याची प्रत्येक ओरखड दाखवतो. आणि नॅट, आपल्या वायुदलाचं जुनं छोटं लढाऊ विमान, घेताना खोकं नीट बघा. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर ज्यातून लढले ते एक आसनी नॅट. रेड ॲरोज या ब्रिटिश कसरती पथकाच्या लाल रंगात मिळतं ते दोन आसनी ट्रेनर. ते रंगवून आपलं नॅट होत नाही.

बाकी सामान थोडं: चौकटीतून भाग सोडवायला सपाट तोंडाचा निपर, कटर, चिमटा, वॉटर पेपर, मास्किंग टेप, ६ मिमीचा चपटा नायलॉन ब्रश आणि एक ० नंबरचा. भाग पिरगळून तोडायचे नाहीत, लहानपणची ती खोड सोडा. आधी थोडं लांबून कापा, मग उरलेली गाठ कटरनं कापा. कटर तुमच्या हातात, निपर लेकीच्या.

सुरुवातीला सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं धुवा. साच्यातून सुटण्यासाठीचं तेल त्यावर असतं, रंग धरत नाही. मग क्रम असा: आधी कॉकपिटचा आतला भाग रंगवून बसवा, मग धड बंद करा, पंख, शेपूट, घासकाम, कॅनोपी, मास्किंग (रंग नको तिथे टेप लावणं), प्रायमर, रंग. चाकं, चाकांचे दांडे आणि अँटेना अगदी शेवटी. आधी लावले की घासताना मोडतात. जिथे गोंद लागणार तिथला रंग खरवडून काढा, रंगावर सिमेंट धरत नाही. नाकाखाली चाक असलेल्या विमानांना धड बंद करण्याआधी नाकात वजन लागतं. किती ग्रॅम ते सूचनापत्रात असतं. नट किंवा गळाची शिशाची गोळी अरल्डाइटनं घट्ट बसवा, नाहीतर विमान शेपटीवर बसतं आणि धड बंद झाल्यावर काही करता येत नाही.

आता ऊन. दसरा ते शिवरात्र हा रंगकामाचा आपला हंगाम. हवा कोरडी, फार गरम नाही. मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळतो, दुसरा हात फिरवला की पहिला थर खरवडून येतो. करायचंच असेल तर पहाटे करा. ताटलीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असा ठेवला तर तासभर ओला राहतो. व्हॅलेजोचे पाण्यातले रंग ब्रशला सोपे. टामियाचा अ‍ॅक्रिलिक ब्रशनं नवख्याला त्रास देतो, खालचा थर उचलतो. तीन पातळ थर द्या, दोन थरांत अर्धा तास. हम्ब्रोलचा तैलरंग घेतलात तर टर्पेंटाइननं पातळ करा आणि रात्रभर वाळू द्या.

कूलर चालू असताना स्प्रे करू नका. त्याच्या ओल्या हवेत लॅकर पांढरा पडतो, पावसाळ्यातही तेच. शिवाय बारीक भाग उडून कॉटखाली गेले की सापडत नाहीत. स्प्रे आणि सिमेंट दोन्हींना खिडकी उघडी हवी.

डिकलना, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या चिन्हांना, बोअरचं पाणी वापरू नका. आपलं पाणी क्षाराचं, वाळलं की गोलाभोवती पांढरी कड राहते आणि ती वार्निशखाली कायमची बंद होते. जारचं किंवा आरओचं पाणी घ्या. विमानाला आधी चकचकीत वार्निश द्या. मॅट रंग खरबरीत असतो, त्यात हवा अडकून डिकल चंदेरी दिसतं. पंधरा सेकंद पाण्यात बुडवायचं, काढून मिनिटभर ठेवायचं, कागदावरून सरकू लागलं की जागेवर सरकवायचं आणि ओल्या ब्रशनं मधून कडेकडे पाणी काढायचं. वायुदलाचं चक्र लावताना केशरी बाहेर, हिरवा मधे.

माळ्यावर जुनं किट पडलेलं असेल तर टाकू नका. पिवळी पडलेली डिकल बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा. आपल्या उन्हात काही दिवसांत पांढरी होतात. आधी एखादं नको असलेलं चिन्ह पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर पूर्ण कागदावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या आणि प्रत्येक चिन्ह कडेनं कापून वापरा. पंख वाकला असेल तर चटका बसेल इतपत गरम, पण उकळतं नाही, अशा पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्याखाली न्या. तयार विमान मात्र पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, पंख पुन्हा खाली येतात.