रॉक बँडमध्ये कीबोर्डवाल्याला काही किंमत असते का? त्यावर आयुष्य निघतं का?

तुम्ही लिहिलंय की मित्रांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा विचार आहे, पण गिटारवाला म्हणतोय, "तू नसलास तरी चालतंय." त्याला बोलू द्या. आवाजात कीबोर्डची किंमत भरपूर असते. कागदावर, म्हणजे करारात आणि गाण्यावरच्या नावात, असेलच असं नाही, आणि भानगड तिथंच आहे.

मी सोलापुरात ऑर्केस्ट्राला वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नातलं संगीत, कधी हुतात्मा स्मृती मंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. पैसे नाइटवर, म्हणजे दर कार्यक्रमामागे. हातात रोलंड कंपनीचा कीबोर्ड असला तरी लोक अजून 'कॅसिओवाले' अशीच हाक मारतात. त्यामुळे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला रिक राइट मला फार जवळचा वाटतो. जगातल्या एवढ्या मोठ्या बँडचा हा संस्थापक, आणि काही वर्षं स्वतःच्याच बँडमध्ये पगारावर वाजवून गेला.

जन्म 1943 चा, लंडनजवळचा. बाराव्या वर्षी पाय मोडून घरात पडला, तेव्हा आपला आपण वाजवायला शिकला. पुढे आर्किटेक्चरला गेला, तिथं रॉजर वॉटर्स आणि निक मेसन भेटले आणि 1965 मध्ये बँड उभा राहिला. आर्किटेक्चर अर्थातच राहिलं.

त्याचं वाजवणं ऐकायचं तर 1971 चं 'एकोज' लावा. सुरुवातीला पाणबुडीच्या यंत्रातून यावा तसा 'टिंग' येतो ना, तो पियानोचा एकच सूर आहे. फक्त तो लेस्ली स्पीकरमधून काढलाय. लेस्ली म्हणजे ऑर्गनसाठीचा स्पीकर, ज्याच्या आत कर्णा गोल फिरतो. तेवीस मिनिटांच्या गाण्याची ओळख त्या एका सुरावर उभी आहे. मग 1973 चं 'ब्रीद' ऐका. त्यातली एक कॉर्ड त्याला माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या जॅझ रेकॉर्डवरून सुचली होती. रॉक वाजवणाऱ्यानं फक्त रॉक ऐकून भागत नाही, ते असं.

डीप पर्पल या दुसऱ्या रॉक बँडचा जॉन लॉर्ड ऑर्गन थेट गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, त्याची गर्जना वेगळीच. नवीन पोरं त्याच्याच मागं लागतात. माझं मत विचाराल तर आधी राइट शिका. तो कुठं वाजवत नाही हे ऐका. आमच्या ऑर्केस्ट्रात जरा मोकळी जागा दिसली की लगेच फ्लूट नाहीतर स्ट्रिंग्ज टाकायची खोड आहे, रॉकमध्ये ती मारक ठरते. आणि बँडमध्ये बास गिटार असेल तर डावा हात खालच्या सप्तकातून उचला. नाहीतर दोघांचा चिखल होतो आणि शिव्या कीबोर्डवाल्याला बसतात.

आता कागदाचं. 1979 मध्ये 'द वॉल' या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी वॉटर्सशी बिनसलं आणि राइटला बँड सोडावा लागला. तरी 1980-81 च्या शोंमध्ये वाजवायला तोच होता, फक्त आता पगारी. स्टेजवर भिंत बांधायची, ती पाडायची, असला अवाढव्य खर्च. त्या दौऱ्यात उरलेल्या तिघा मालकांना, म्हणजे वॉटर्स, मेसन आणि गिटारवाला गिलमोर यांना, तोटा झाला आणि पैसे मिळवून घरी गेला एकटा राइट! ठेकेदार बुडाला तरी आपली नाइट आधी घेऊन ठेवणारे आमचे जुने वादक हे ऐकून फार खूश होतात.

पण पगार वेगळा आणि गाण्यावरचं नाव वेगळं. 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या चार कोटींवर प्रती खपल्या. त्यातल्या 'अस अँड देम'च्या संगीतावर राइटचं नाव आहे. मूळ चाल त्यानं अँटोनिओनीच्या सिनेमासाठी बांधली होती, तिथं ती घेतली नाही. त्याच अल्बममध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी क्लेअर टोरी नावाची गायिका आली, राइटच्या पियानोवर शब्दांशिवाय गायली आणि 30 पौंड घेऊन गेली. तो आलाप तिचा स्वतःचा होता. तिनं 2004 मध्ये दावा लावला, तडजोड झाली, आणि तेव्हापासून राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. तीस वर्षं गेली त्यात.

राइट 1987 मध्ये परत आला, तोही आधी पगारीच. 1994 च्या अल्बमपर्यंत पुन्हा पूर्ण सदस्य झाला. 2005 मध्ये लाइव्ह 8 या मदतीसाठीच्या जाहीर कार्यक्रमात वॉटर्ससकट चौघं एकत्र वाजले. 2008 मध्ये कॅन्सरनं गेला.

सोलापुरात नुसत्या रॉकवर पोट भरत नाही, स्पष्टच सांगतो. आमच्यातले बहुतेक जण दिवसा क्लास घेतात, रात्री ऑर्केस्ट्रा. रॉक वाजवायचं तर पुण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात. तरी वाजवा, पण स्वतःची गाणी करणार असाल तर चाल कुणाची, शब्द कुणाचे आणि कुणाचा वाटा किती, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कीबोर्डवर चार कॉर्ड तुम्ही बसवल्यात आणि गाणं त्यावर उभं राहिलं, तर तेही लिहा. गाणं बाहेर आलं की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या, रॉयल्टी तिथून येते. आणि तो गिटारवाला सही करायला कुरकुरला, तर बँड बदला.