मुखवटा नको, मस्करी चालेल

प्रश्न असा आला आहे : ‘व्हिडिओ एडिटिंगच्या वर्गासाठी मराठीत टिपणं काढतो आहे. एका धड्याला “ट्रॅक केलेल्या आच्छादनाचे व मुखवट्याचे पूर्वावलोकन” असं नाव दिलं आहे. बरोबर आहे का?’

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. फक्त एडिटिंग करणाऱ्याला ते कळणार नाही, आणि कळलंच तर उलटं कळेल.

मास्कला, म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या रेघेला, मुखवटा म्हणणारे वाढत चालले आहेत. करोनानंतर त्यात मुखपट्टीची भर पडली. एका भाषांतरित मदतपानावर मी ‘मुखपट्टीला पीस लावा’ हे डोळ्यांनी वाचलं आहे. सांगायचं होतं एवढंच, की मास्कचं फेदर वाढवा, कड मऊ करा. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एक फ्रेम कापलेली नाही.

मुखवटा म्हणजे काय? गौरी बसतात तेव्हा घरात जाऊन बघा. मुखवटा चढेपर्यंत तो नुसता तांब्या असतो, चढला की गौर होते. मुखवटा चेहरा देतो. सॉफ्टवेअरमधला मास्क कुणाला काही देत नाही. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूलने मास्क काढलात तर रेघेच्या आतलं उरतं, बाहेरचं जातं. तो आहे रांगोळीचा छापा : पत्र्याला भोक असेल तिथेच रांगोळी पडणार.

‘मास्क म्हणजे झाकणं’ म्हणणारेही अर्धेच बरोबर. फोटोशॉपच्या क्विक मास्कमध्ये (निवडलेला भाग रंगाने दाखवायची सोय) लाल पडदा येतो तो न निवडलेल्या, म्हणजे सुरक्षित भागावर. तिथे झाकणं म्हणजे लपवणं नव्हे, वाचवणं. (तो लालच का? छापखान्यातल्या रुबीलिथ या लाल फिल्मवरून. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळ्याला पारदर्शक असलेला लाल तिला ठार काळा वाटायचा. संगणक आला, फिल्म गेली, लाल रंग राहिला.)

तर मग मास्कला मराठी शब्द कोणता? मास्क. आणि तो परका आहे असं वाटत असेल तर ऐका.

इंग्रजी मास्क फ्रेंच मास्कमधून आला, तो इटालियन मास्केरामधून. आणि मास्केरा? एक मत असं, की अरबी मस्ख़रा. म्हणजे विदूषक, ज्याला लोक हसतात तो. मुळात धातू ‘थट्टा करणे’ या अर्थाचा. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे आला, हिंदीत मसखरा झाला आणि मराठीत मस्करी! म्हणजे तुमच्या टाइमलाइनवरचा मास्क, पापण्यांना लावायचा मस्कारा आणि मामा भाच्याची करतो ती मस्करी ही एकाच घरची भावंडं.

युरोपातले काही पंडित मान हलवतात. ते इटलीत राज्य करणाऱ्या लाँगोबार्ड लोकांचा राजा रोथारी याच्या ६४३ मधल्या कायद्यांकडे बोट दाखवतात. तिथे ‘मास्का’ म्हणजे चेटकीण असा शब्द आहे, आणि अरबांनी सिसिली जिंकायला घेतली ती ८२७ मध्ये. पुरावा जुना आहे, मान्य. पण मास्काला शेवटचा ‘रा’ कुठून फुटला? आणि चेटकिणीवरून सोंगाच्या चेहऱ्यावर उडी कशी मारली? तिथे ही मंडळी घसा खाकरतात. माझं मत : चेटकीण घरात आधीपासून होती, विदूषक मागून आला आणि दोघांचं लग्न लागलं.

आपल्याकडचे पंडित आणखी पुढचे. त्यांना मस्करी संस्कृतातूनच हवी असते. पाणिनीकडे ‘मस्करिन्’ आहेच, हातात वेळूचा दंड घेतलेला परिव्राजक! पतंजली सांगतो, हा लोकांना म्हणायचा, कर्मं करू नका, शांतीच बरी. असा माणूस थट्टेखोर कसा झाला, ते या पंडितांपैकी कुणी सांगत नाही. नुसता आवाज जुळला की मूळ सापडलं, या न्यायाने उद्या मस्काही त्याच दंडाला चिकटवतील.

आता मॅट. मास्कचा हा सख्खा शेजारी : चित्राचा कोणता भाग दिसावा, कोणता लपावा हे सांगणारं वेगळं चित्र. फ्रेंचमध्ये मॅट म्हणजे निस्तेज, चमक गेलेला. चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला तेच नाव, आणि सिनेमातला मॅट त्याच कुळातला. या मॅटचं मूळ काही जण बुद्धिबळात शोधतात : शाह मात. ‘मात’ म्हणजे अरबीतलं ‘मेला’ की फारसीतलं ‘निरुपाय झाला’, यावर वेगळं भांडण आहे. आपण मात्र शेकडो वर्षं एकमेकांवर मात करतो आहोत. मस्करी आणि मात हे दोन शब्द घरात असताना मुखवटा आणि आच्छादन कशाला शोधायचं?

हो, तुमचा धडा. आच्छादन म्हटलं की मला मंडईतली ताडपत्री दिसते. ओव्हरलेला, म्हणजे शॉटवर चढवलेल्या चित्राला, थर म्हणा. ट्रॅक केलेला थर म्हणजे शॉटमधल्या हालचालीबरोबर सरकणारा. पूर्वावलोकन संगणकांवर रुळलं आहे, पण सिंहावलोकन ऐकत वाढलेल्या कानाला ते मागे वळून पाहिल्यासारखं लागतं. स्टुडिओत कुणी ते म्हणत नाही. ‘रेंडरला टाकायच्या आधी एकदा बघून घे’ म्हणतात (रेंडर म्हणजे पक्का व्हिडिओ तयार करणं). धड्याचं नाव तेच ठेवा : ‘ट्रॅक केलेला थर आणि मास्क : रेंडरआधी बघून घ्या’.

आणि आत एवढं नक्की लिहा. दुकानाची पाटी बदलायची असेल तर नवी पाटी लगेच चढवू नका. आधी तिच्या जागी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी चढवून शॉट चालवा. पाटीवर नुसतं नाव असेल तर ट्रॅक दोन पिक्सेल सुटलेला डोळ्याला कळत नाही. चौकडीचं एखादं घर मागच्या विटेवरून सरकलं की लगेच कळतं. मग मास्क, पाटीपुढून जाणाऱ्या माणसाच्या हाताभोवतीचा. तो बघताना शॉट थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या, कारण बोटं मास्कबाहेर सुटतात ती हात हलतानाच.