मनिलाचं ऑफिस नेमकं कधी बंद असतं?

मागच्या अंकात बोटीवरच्या फिलिपिनो खलाशांच्या जेवणाबद्दल मी ओझरतं लिहिलं आणि वाचकांनी मला फिलिपिन्सचा वकीलच करून टाकलं. वकील नाही, निवृत्त चीफ कुक आहे. उमेदीची वर्षं गेली ती मालवाहू बोटींच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि तिथे बहुतेक वेळा शेजारच्या शेगडीवर फिलिपिनो माणूस असायचा. हर्णैच्या घरी बसून जमतील तेवढी उत्तरं देतो. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

मी घरबसल्या मनिलाच्या एका कंपनीचे पगाराचे हिशेब बघते. त्यांच्या सुट्ट्यांचा मेळच लागत नाही. कधी सोमवारी बंद, कधी गुरुवारी. पगारही कुठे दुप्पट, कुठे थोडा जादा. याला काही नियम आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

आहे. त्यांच्या सुट्ट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. 'नियमित' सुट्टीला माणूस कामावर आला नाही तरी पगार मिळतो आणि आला तर दुप्पट. 'विशेष' सुट्टीला आला नाही तर सहसा पगार नाही, आला तर ३० टक्के जादा. तुमचे दोन आकडे तिथून आले. १ जानेवारी, गुड फ्रायडे आणि त्याच्या आदला गुरुवार, ९ एप्रिल, १ मे, १२ जून, ३० नोव्हेंबर, नाताळ आणि ३० डिसेंबर या पहिल्या प्रकारातल्या. २१ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर, ३१ डिसेंबर दुसऱ्यातल्या. यातली ८ डिसेंबरची मेरीमातेची सुट्टी २०१७ च्या कायद्याने आली, म्हणून कुणी त्याआधीची यादी हातात दिली असेल तर ती फाडून टाका.

आता सोमवार. राष्ट्रीय वीर दिन ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारीच असतो. शिवाय ग्लोरिया आरोयो राष्ट्राध्यक्ष असताना २००७ साली कायदा झाला, की काही सुट्ट्या जवळच्या सोमवारी सरकवाव्यात. लोकांना सलग तीन दिवस मिळतील, ते गावी जातील, फिरतील, पैसा खेळेल, असा हिशेब. नंतरच्यांनी तो कधी पाळला, कधी नाही. पुढच्या वर्षाची यादी राष्ट्राध्यक्ष जाहीर करतात, तीच खरी धरा. रमजान ईद २००२ पासून आणि बकरी ईद २००९ पासून राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, पण त्यांच्या तारखा चंद्रावर, त्यामुळे त्या वेगळ्या जाहीर होतात.

खरी मेख मात्र शहरांच्या सुट्ट्यांत आहे. २४ जूनला मनिला शहर बंद, शेजारचं केसॉन सिटी चालू. १९ ऑगस्टला बरोबर उलट. आपण सरसकट मनिला म्हणतो त्या मेट्रो मनिलात १६ शहरं आणि वर पातेरोस नावाचं एक गाव आहे. तेव्हा आधी ऑफिसचा पत्ता बघा. आणि डिसेंबरात तेराव्या, म्हणजे एका जादा महिन्याच्या, पगाराची तरतूद विसरू नका. तो २४ डिसेंबरच्या आत हातात पडला पाहिजे असा १९७५ पासूनचा कायदा आहे. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच, हे तुम्हाला एव्हाना झोपेतही कळत असेल.

मुलगा पहिल्यांदाच बोटीवर चाललाय, नोव्हेंबरात जॉइन होईल. क्रू बहुतेक फिलिपिनो आहे म्हणे. डिसेंबरात ते लोक पहाटे उठून काहीतरी करतात असं ऐकलं. याला त्रास नाही ना होणार? — एक आई, दापोली

त्रास कसला, ताई? वजन वाढेल.

त्यांचा नाताळ सप्टेंबरात सुरू होतो. चेष्टा नाही. सप्टेंबर उजाडला की दुकानांत नाताळची गाणी लागतात आणि जानेवारीपर्यंत थांबत नाहीत. बोटीवर मेसरूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, कॅराओके असतोच, आणि दिवसभर ग्रीस काढणारा ऑइलर रात्री माइक धरून असा गातो की आपण ताट धरून उभेच राहतो. मुलाला सांगा, माइक पुढे केला तर नाही म्हणू नकोस. सूर कुणी बघत नाही, पण जो गातच नाही त्याच्याशी मोकळं व्हायला त्यांना वेळ लागतो.

तुम्ही ऐकलंत ते पहाटेचं प्रकरण म्हणजे सिम्बांग गाबी. १६ ते २४ डिसेंबर, लागोपाठ नऊ पहाटा चर्चमध्ये मिसा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी. नऊच्या नऊ चुकवल्या नाहीत तर मनातली इच्छा पुरी होते अशी श्रद्धा. समुद्रात पाद्री कुठला! कुणीतरी वडीलधारा बोशन (खलाशांचा मुकादम) किंवा फिटर प्रार्थना सांगतो, बाकीचे कामाची पाळी सांभाळून येतात. गावी असते तर मिसा सुटल्यावर चर्चच्या दाराशीच बिबिंका खाल्ली असती. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, अंडं, केळीच्या पानावर ओतायचं आणि मातीच्या भांड्यात वरून-खालून निखारे ठेवून भाजायचं. वर खारवलेल्या अंड्याची चकती. दुसरं पुतो बुंबोंग, जांभळ्या रंगाचं, बांबूच्या नळीत उकडलेलं, वर खोबरं आणि गूळसाखर. बिबिंका मी गॅलीच्या ओव्हनमध्ये करायचो. सगळे खायचे आणि सगळे म्हणायचे, निखाऱ्याची चव नाही. बरोबरच होतं त्यांचं.

चांदणीच्या आकाराचा कंदील लावतात, त्याला पारोल म्हणतात. मूळचा बांबूच्या काड्या आणि पातळ रंगीत कागदाचा. बोटीवर वेल्डिंगच्या तारेचाही होतो. तुमच्या मुलाला दिवाळीचा कंदील बांधता येत असेल तर पहिल्याच महिन्यात त्याचं नाव होईल. २४ च्या मध्यरात्री नोचे बुएना, म्हणजे मोठं जेवण: हॅम, लाल वेष्टनातलं गोल चीज आणि केळ्याच्या केचपमधलं गोड स्पॅगेटी. या शेवटच्या पदार्थाबद्दल माझं मत मी बोटीवर कधी उच्चारलं नाही, इथेही उच्चारत नाही. वर्षअखेरीला टेबलावर बारा गोल फळं, अंगावर ठिपक्यांचे कपडे, कारण गोल म्हणजे नाणं. बाराच्या ठोक्याला मुलं उड्या मारतात, उंची वाढावी म्हणून. त्या वेळी उड्या मारणारे पन्नाशीचे खलाशीही मी पाहिलेत.

सामानात आंबापोळी आणि काजूगर द्या. माणशी पुड्या नकोत, मेसच्या टेबलावर ठेवायला एक मोठा डबा. वयाने मोठा असेल त्याला 'कुया' म्हणायचं, थोरला भाऊ. आणि कुणी जेवताना 'ये, जेव' म्हणाला तर तो शिष्टाचार असतो. हसून 'तुमचं चालू द्या' म्हणावं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावलं तर मात्र बसावं.

फिलिपिन्सला अमेरिकेकडून स्वातंत्र्य १९४६ मध्ये मिळालं, ४ जुलैला. मग स्वातंत्र्यदिन १२ जूनला कसा? — एक विद्यार्थी, मालवण

कारण त्यांनी तो स्वतः निवडला. १२ जून १८९८ रोजी कावित गावी आपल्या घरी एमिलिओ आगिनाल्दोने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, झेंडा फडकवला. ते कुणी मानलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेनने हा देश २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेला देऊन टाकला, आणि पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेशी युद्ध पेटलं. शेवटी अमेरिकेने सत्ता सोडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि दिवसही स्वतःच्याच स्वातंत्र्यदिनाचा पाहून. सोळा वर्षं तोच साजरा झाला. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यांनी तो १२ जूनला नेला, १९६४ मध्ये तसा कायदा झाला. दिलेली तारीख सोडून घोषित केलेली तारीख घेतली. मला हे फार आवडतं.

त्यांच्या इतर तारखाही नीट बघ, बाळा. ३० डिसेंबर होसे रिझालचा. हा डोळ्यांचा डॉक्टर, कादंबरीकार, स्पॅनिशांनी १८९६ साली मनिलात गोळ्या घालून मारला तेव्हा पस्तिशीचा होता. सुट्टी त्याच्या मृत्यूच्या दिवशी. ३० नोव्हेंबर आंद्रेस बोनिफासिओचा, कातिपुनान या गुप्त संघटनेचा संस्थापक. इथे मात्र सुट्टी जन्मदिवसाची, १८६३ चा. १८९७ च्या मे महिन्यात त्याला मारलं ते स्पॅनिशांनी नव्हे, आगिनाल्दोच्या क्रांतिकारी सरकारने. रिझालची मृत्युतिथी पाळता येते, कारण मारणारे परके. बोनिफासिओची पाळायची तर उत्तरं द्यावी लागतात. हे माझं अनुमान, पेपरात लिहू नकोस.

आणि ९ एप्रिल. १९४२ साली त्या दिवशी बातान द्वीपकल्पातल्या फौजेने जपान्यांपुढे शरणागती पत्करली, आणि ७० हजारांहून जास्त फिलिपिनो व अमेरिकन कैद्यांना उन्हात चालवत नेलं, वाटेत हजारो मेले. त्या दिवसाला ते शौर्य दिन म्हणतात. माझ्या हाताखालच्या एका मेसमनचा आजोबा त्या चालीत होता. ९ एप्रिलला तो मेसमन दुपारपर्यंत काही खायचा नाही. मी विचारायचो नाही.

गुड फ्रायडेला तिथे लोक स्वतःला खरेखुरे खिळे ठोकून घेतात, आणि नोव्हेंबरात स्मशानात जेवायला बसतात, हे खरं? — दोन-तीन पत्रं, मुरुड आणि दाभोळहून

दोन्ही खरं, पण सारख्या मापाचं नाही. खिळ्यांचा प्रकार पांपांगा प्रांतात सान पेद्रो कुतुद गावात होतो. नवस बोललेली मोजकी माणसं करतात, चर्चला ते पसंत नाही, आणि कॅमेरे तिथेच जातात. बाकीचा देश त्या दिवसांत सात चर्चना पायी जातो, ख्रिस्ताच्या यातनांचं काव्य रात्रंदिवस आळीपाळीने गातो, नाहीतर सरळ गावी जातो.

१ नोव्हेंबर मात्र घराघराचा. आधी थडगी धुवायची, रंगवायची, मग मेणबत्त्या, फुलं, जेवणाचे डबे घेऊन सगळं कुटुंब तिथे. पत्ते खेळतात, पोरं वितळलेल्या मेणाचे गोळे करतात, काहीजण रात्रभर राहतात. यात अमंगळ काही नाही. मेलेल्या माणसाला एकटं का ठेवायचं, असा त्यांचा साधा विचार. आपल्याला पचायला जड जातो, पण तो आपला प्रश्न.

मुलगा दुबईला असतो. तिथल्या फिलिपिनो नर्सशी लग्न केलंय. दोघं गणपतीला पहिल्यांदा घरी येतायत. काय करावं, काय करू नये? घरात थोडा तणाव आहे. — एक सासूबाई, गुहागर

वहिनी, तणाव तिलाही असेल, आणि तिच्या आईला तर तुमच्याहून जास्त.

पहिली गोष्ट. आल्याबरोबर ती बहुधा तुमचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावेल. हात मागे ओढू नका. हा त्यांचा वाकून नमस्कार, मोठ्यांना करतात. हात सैल ठेवा आणि तोंडाने आशीर्वाद द्या, मराठीत दिलात तरी पोचतो. शेजारच्या आजींनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकतील. दुसरी: तिने नुसत्या भुवया उंचावल्या तर ते 'हो' असतं, उद्धटपणा नव्हे. वस्तू कुठे आहे हे ओठ पुढे करून दाखवतात. चिडवतेय असं समजू नका.

जेवणाचं सोपं आहे. तिला तिन्ही त्रिकाळ भात चालतो, सकाळीसुद्धा. रात्रीचा उरलेला भात लसणीवर परतायचा, सोबत तळलेला सुका मासा आणि व्हिनेगर, ही त्यांची न्याहारी. गणपतीच्या दिवसांत मासळी नाही हे मुलाने आधीच सांगावं. इथे आल्यावर ताटासमोर कळायला नको. कच्च्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी, शेवग्याचा पाला, चिंचेचं आंबट सार या गोष्टी तिच्या घरी रोजच्या आहेत. फणसाचे दिवस गेलेले असतील, पण पाला आणि चिंच दारात आहे. तिखट हात राखून. बिकोलचा भाग सोडला तर त्यांच्याकडे मिरचीचं एवढं कौतुक नाही. तुमची गौर तिखटाची, म्हणजे मांसाहारी नैवेद्याची, असेल तर त्या दिवशी मात्र तिला पुन्हा पुन्हा वाढा. ती चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरते, पण केळीच्या पानावर हाताने जेवणं तिला परकं नाही.

मोदकांना तिला बसवा. पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात टाकून, तरंगले की खोबऱ्यात घोळवायचे, वर साखर-तीळ, असा पालितौ नावाचा पदार्थ तिने लहानपणापासून केलेला असणार. तांदळाची उकड तिच्या हाताला कळेल. कळ्या पहिल्या दिवशी पडणार नाहीत. तुमच्या पडल्या होत्या?

ती येताना सगळ्यांसाठी काही ना काही आणेल, साबण, चॉकलेट, टॉवेल. किंमत बघू नका, तिथे रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही. महिनोन्महिने मोठं खोकं भरत ठेवून ते बोटीने गावी पाठवणारी ही माणसं. जाताना तिच्या आईसाठी म्हणून वेगळं बांधून द्या, कोकमं, काजू, एखादी साडी. आणि ती दर महिन्याला माहेरी पैसे पाठवते हे कळेल तेव्हा कपाळाला आठी नको. आपल्या या किनाऱ्यावरची अर्धी घरं चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली. तिकडच्या किनाऱ्यावरही तेच चाललंय, फक्त तिथे मुली जास्त जातात.

धर्माचं कुणी विचारलं तर उत्तर तिला देऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. आरतीला उभी राहिली तर झांज द्या हातात. नाही राहिली तर ओट्यावर बसू दे. रविवारी चर्चला जायचं असेल तर रिक्षा सांगून ठेवा, जवळचं चर्च कुठे ते मुलाला आधीच बघायला लावा. आणि पुढच्या वेळी डिसेंबरात त्यांना बोलावू नका. त्या महिन्यात तिला तिच्या आईकडे जायचं असतं.