अधिवास म्हणजे रहिवास नव्हे

कराडच्या एका वाचकांनी विचारलं आहे : मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' असा दाखला काढला. त्यातलं राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व एकच का? आणि अधिवास म्हणजे रहिवासच ना, मग वेगळा शब्द कशाला?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण 'अधिवास म्हणजे रहिवासच की' हे वाक्य सेतू केंद्राच्या रांगेपासून वर्तमानपत्रांच्या बातम्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे.

रहिवास म्हणजे आज तुम्ही राहता कुठं, एवढंच. आधारच्या कायद्यात रहिवासी कोण, तर अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलेला. परदेशी माणूसही त्यात बसू शकतो. म्हणून तर त्याच कायद्याचं ९ वं कलम सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. (जाता जाता : मूळ शब्द 'रहिवासी'. विभक्ती लागली की 'रहिवाशाला, रहिवाशांनी' होतं, आणि त्यावरून लोक उलट्या दिशेनं 'रहिवाशी दाखला' लिहितात. लिहू नका.)

अधिवासात राहण्याच्या जोडीला कायम राहण्याचा इरादा लागतो. हा भेद खुद्द संविधानाच्या ५ व्या अनुच्छेदात आहे. संविधान लागू होताना नागरिक कोण, तर ज्याचा भारतात अधिवास आहे आणि शिवाय तीनपैकी एक गोष्ट आहे तो : स्वतः इथं जन्मलेला, आईवडलांपैकी एक इथं जन्मलेला, किंवा आधीची निदान पाच वर्षं सामान्यतः इथं राहिलेला. अधिवास आणि राहणं एकच असतं, तर घटनाकारांनी एकाच वाक्यात दोन्ही अटी वेगळ्या घातल्या असत्या का?

१९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही तेच बोलतो. सरकारी नोकरी, लष्करी सेवा किंवा धंद्यापायी भारतात राहिलं, एवढ्यावरून इथं अधिवास होत नाही. हे तत्त्व आपल्याकडच्या माणसाला फोड करून सांगावं लागू नये. अपशिंगे मिलिटरी या साताऱ्याकडच्या सैनिकांच्या गावचा जवान वीस वर्षं सीमेवर असतो, त्याचं घर अपशिंग्यातच. विट्याचा, आटपाडीचा गलाईवाला केरळात, तमिळनाडूत सोनं गाळतो, पोरं तिथल्या शाळेत घालतो. पण घर बांधतो गावाकडं आणि जत्रेला हटकून येतो. रहिवास तिकडचा, मन इकडं. या 'मन इकडं'ला कायद्यात मोल आहे, आणि ते नेमकं 'अधि' या उपसर्गात बसलेलं आहे.

ते कसं, ते पाणिनी सांगतो. संस्कृतात गावात राहतो याला 'ग्रामे वसति' म्हणतात. सप्तमी, गाव हे नुसतं ठिकाण. पण 'अधि' लागला की 'ग्रामे अधिवसति' म्हणता येत नाही, 'ग्रामम् अधिवसति' असंच म्हणावं लागतं. अष्टाध्यायीचं सूत्र आहे 'उपान्वध्याङ्वसः' (१.४.४८) : उप, अनु, अधि, आ यांपैकी उपसर्ग वस् धातूला लागला, तर राहण्याचं ठिकाण कर्म होतं. ठिकाण कर्म होतं! म्हणजे माणूस गावात नुसता असत नाही, तो गाव धरतो, आपलासा करतो. कायद्याच्या पंडितांना जी इराद्याची अट शब्दांत पकडताना पानंच्या पानं लागतात, ती इथं एका विभक्तीत आहे.

आणि हा शब्द सरकारी टाकसाळीत पाडलेला आहे असं जे सांगत फिरतात, त्यांनी कुठल्याही गावच्या मंदिरातला प्रतिष्ठेचा सोहळा नीट पाहावा. मूर्ती आणली की लगेच बसवत नाहीत. आधी जलाधिवास, म्हणजे पाण्यात ठेवणं, मग धान्याधिवास, धान्याच्या राशीत, मग शय्याधिवास. त्यानंतर प्राणप्रतिष्ठा. देवालाही आधी त्या जागी अधिवास करावा लागतो, मग तो तिथला होतो. ५ व्या अनुच्छेदाची रचना हीच नाही का? आधी अधिवास, मग नागरिकत्व.

काही कोशाभिमानी इथं हरकत घेतात की विधीतला अधिवास हा 'वास्', म्हणजे सुगंधित करणं, या दुसऱ्या धातूचा. अधिवासाचा सुगंध हा अर्थ आहे, नाकारत नाही. पण मूर्ती पाण्यात बुडवून ठेवण्यात सुवास कुठून आला? ही व्युत्पत्ती चंदनाच्या लेपापुरती चालेल. पाणी, धान्य आणि शय्या यांना वस्तीचाच अर्थ लागतो.

आता दाखल्याबद्दल एक कडू गोष्ट. 'महाराष्ट्राचा अधिवास' ही कायद्याच्या काटेकोर भाषेत चूकच आहे. प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्याचा वेगळा नाही. २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या निकालात तेच पुन्हा सांगितलं. दाखल्यात मोजतात ते वास्तव्य : सर्वसाधारण अट महाराष्ट्रात १५ वर्षांची. म्हणून अडकतो तो गलाईवाल्याचा मुलगा. कायद्यानं अधिवासात खोट नाही, पण शाळेचे दाखले कोइमतूरचे, वास्तव्याचा पुरावा तुटलेला. अडण्याचं दुसरं नेहमीचं कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यात असतं : जन्मठिकाणाचा रकाना कोरा, किंवा गावापुढं तालुका-जिल्हा नाही. अर्ज करण्याआधी शाळेतून तेवढं दुरुस्त करून घ्यावं.

राहिला पहिला प्रश्न. नागरिकत्व हे देशाच्या आतलं नातं : मत, सरकारी नोकरी, १९ व्या अनुच्छेदातली स्वातंत्र्यं. राष्ट्रीयत्व हे बाहेरच्या जगासमोरचं नातं : पासपोर्टवर कोणता देश तुमचा म्हणून उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात हेच सांगितलं : प्रत्येक नागरिक राष्ट्रीय असतो, प्रत्येक राष्ट्रीय नागरिक असेलच असं नाही. कंपनी भारतीय असते, नागरिक नसते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात 'व्यक्ती'च्या व्याख्येतून कंपन्या आणि संस्था वगळल्याच आहेत. म्हणजे आपला सहकारी साखर कारखाना भारतीय खरा, पण भारताचा नागरिक नव्हे.

माणसांतही असा भेद याच मातीत होता. स्वातंत्र्याआधी तासगावचा माणूस ब्रिटिश मुलखातला, म्हणून ब्रिटिश प्रजाजन. पंचवीसेक किलोमीटरवरच्या सांगलीचा माणूस संस्थानची प्रजा, म्हणून इंग्रजी कायद्यानं केवळ 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. परदेशात दोघांमागं साम्राज्य एकच, घरात दर्जा निरनिराळा. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हा भेद उरला नाही. आजचा भारतीय कायदा माणसाच्या बाबतीत एकच दर्जा जाणतो, नागरिक. त्यामुळं दाखल्यातलं 'राष्ट्रीयत्व' व्यवहारात नागरिकत्वच सांगतं. पण ते ठरवत नाही. ठरवतो १९५५ चा कायदा, जन्माच्या तारखेवरून. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला, काही मोजके अपवाद सोडले, तर नागरिकच. १ जुलै १९८७ पासून आईवडलांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. कराडच्या मुलीला ही शेवटची अट लागू आहे, म्हणून तिच्या जन्मदाखल्याइतकेच आईवडलांचे कागद जपून ठेवा.

आणि 'ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) काढलं, आता दुहेरी नागरिकत्व' असं म्हणणाऱ्यांना लगेच थांबवा. आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की कायद्याच्या ९ व्या कलमानं भारताचं संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' आहे, हक्कांत नाही : मतदान नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळू शकते. त्याला 'ओसीआय कार्डधारक' म्हणावं.